फरशीखालची सही

आग्रही : घरातली सगळ्यात धोक्याची खोली कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण स्वयंपाकघराचं नाव घेतील. मी न्हाणीघराचं घेईन. पाणी आणि वीज तिथे हातभर अंतरावर असतात आणि माणूस ओला, अनवाणी असतो. गॅसचा गिझर लावला आणि थंडीसाठी झरोका बुजवला, की रंग नाही, वास नाही असा विषारी वायू साचतो, आणि कडी तर आतून लावलेली असते. पायाखाली स्लॅब, स्लॅबमध्ये सळई, आणि सळईला गंज चढवायला रोजचं झिरपणारं पाणी पुरतं. डोळ्यांआड गेलेलं पाणी संपत नाही, ते शेजाऱ्याच्या भिंतीत नाहीतर कुणाच्या तरी बोअरमध्ये उतरतं. एवढं सगळं पाच बाय सातच्या जागेत. आणि धाराशिव घ्या, तुळजापूर घ्या, उमरगा घ्या, ही खोली फोडून नवी करायची ठरली की मालक मिस्त्रीला फोन करतो, मिस्त्री दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन येतो आणि पंधरा दिवसांत सगळं फरशीखाली गडप होतं. मालकाला परवानगी लागत नाही, करणाऱ्याला परवाना लागत नाही. दुचाकी चालवायला परवाना लागतो, वडापावच्या गाड्याला अन्नखात्याची नोंदणी लागते. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर संडासाचं भांडं बसवायला मात्र काहीच नको. हे मला पटत नाही.

साशंक : काहीच नको, हे जरा सैल बोलणं झालं, अण्णा. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम घ्या. त्याचं ४३ वं कलम आधी सांगतं की परवानगीशिवाय विकासाचं काम करू नये, आणि लगेच सूट देतं : इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंध असलेली, किंवा बाहेरच्या रूपात विशेष फरक न पाडणारी देखभाल-सुधारणेची कामं यातून मोकळी. वारसा इमारत असली तर गोष्ट वेगळी. म्हणजे जुनी फरशी काढून नवी बसवणं, नळ बदलणं, भांडं बदलणं याला परवानगी लागत नाही, ती विसरून राहिली म्हणून नव्हे, तर कायदा करणाऱ्यांनी विचार करून सोडली म्हणून. घराबाहेर नवी मोरी काढायची, भार पेलणारी भिंत पाडायची, बीम कोरायचा, तर ते या सुटीत बसत नाही. त्यासाठी नगर परिषदेत जावंच लागतं, गावात असाल तर ग्रामपंचायतीत. लोक जात नाहीत, हा वेगळा मुद्दा. आणि सरकारची दिशा तरी बघा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगैरे भाग सोडून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या कमी जोखमीच्या घराला आराखडा, तांत्रिक माणसाचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली. अख्ख्या घराच्या बाबतीत जे सरकार दोन पावलं मागे सरकलं, ते तुमच्या मोरीपाशी येऊन उभं राहावं म्हणता?

आग्रही : त्या ४३ व्या कलमाची मेख बघा. कायदा घराकडे रस्त्यावर उभं राहून बघतो. बाहेरून दिसतं का? नाही ना, मग चालू द्या. नगररचनेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, तिला रस्ते, उंची, मोकळी जागा यांची काळजी. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यानं तरी आतल्या गोष्टीला बिनमहत्त्वाची म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवा. किल्लारी लातूरकडची, पण सास्तूर आपलं, आज लोहारा तालुक्यात आहे ते. काय पडलं तिथे? बाहेरून भक्कम दिसणारी दोन-अडीच फुटांची दगडी भिंताडं. बाहेरचा थर आणि आतला थर यांना बांधणारा आरपार दगड नव्हता, मध्ये चिखल आणि दगडगोटे. आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ते माळवद इतकं जड कशानं झालं होतं? गळतीनं. दर पावसाळ्याआधी पांढरी माती आणून वर पसरायची, गळायचं थांबायचं. पुढच्या वर्षी आणखी एक थर. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, मुलानं टाकली. कुणाचीही चूक एका टोपलीपेक्षा जास्त नव्हती. आता आजच्या मोरीत या. खाली ओल आली की मिस्त्री म्हणतो, जुनी फरशी काढायची कटकट नको, वरूनच कोबा करू. विटांचे तुकडे, सिमेंट, वर नवी फरशी. पाच वर्षांनी पुन्हा ओल, पुन्हा थर. वजन चढतंय स्लॅबवर, आणि बाहेरून काही दिसत नाही. माळवदावरची माती आम्ही मोरीत आणून टाकतोय, एवढाच फरक.

साशंक : उपमा मनाला लागते, म्हणूनच तिच्यापासून जपून राहायला हवं. किल्लारीच्या वेळी परवाना असता तर काय झालं असतं? तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिसऱ्या पट्ट्यात तो गेला नंतर. शिकलेल्या, शिक्कामोर्तब झालेल्या अभियंत्यानंसुद्धा नकाशा उघडून ‘इथे भीती नाही’ असंच सांगितलं असतं. लोक दगड-चिखलात बांधत होते कारण शेतात दगड फुकट होता, सिमेंट महाग होतं आणि धाटणी वाडवडिलांची होती. यात परवाना कुठे बसतो? आणि ‘परवाना’ या शब्दाचा आपल्याकडचा इतिहास विसरू नका. ज्याला पुण्याकडे कॉन्ट्रॅक्टर म्हणतात त्याला आपण गुत्तेदार म्हणतो. गुत्ता हा कानडीतल्या ‘गुत्तिगे’चा भाऊबंद. निजामाच्या अमलात दारू विकायचा हक्क बोली लावून दिला जाई, तोही गुत्ताच. दारूच्या दुकानालाच तो शब्द चिकटून बसला, आजही ‘गुत्त्यावर गेला’ म्हणतात. सांगायचं हे, की सरकारनं एखाद्याला ‘हे काम फक्त तूच करायचंस’ असं लिहून दिलं की काय होतं, ते आपल्या भाषेलाच ठाऊक आहे. पहिल्या दिवशी दर्जा राखण्यासाठी म्हणून निघालेला कागद दुसऱ्या दिवशी विकायचा माल होतो.

आग्रही : मग एक कागद मालकाचा आणि एक कारागिराचा, हे दोन वेगळे करू. मालकाची परवानगी मी सोडतो. ‘मी फरशी बदलू का’ असं नगर परिषदेला विचारत बसावं, असं माझं म्हणणं नाही. पण जो बदलतो त्याला ते काम येतं का, हे कुणीतरी, कुठेतरी, एकदा तपासलेलं असावं. आज गुत्तेदाराला परवाना कधी लागतो? सार्वजनिक बांधकाम खात्यात नोंदणी असते, तिचे वर्ग असतात, पण ती सरकारी कामासाठी. तुमच्या-माझ्या घरासाठी असा कोणताही परवाना नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत दाखवली की जीएसटीची नोंदणीही लागत नाही. उद्या त्याच्यावर तक्रार करायची तर त्याचं पूर्ण नाव काय, पत्ता काय, इथपासून सुरुवात. आमचा पुतण्या कॅलिफोर्नियात राहतो. तिथे १९२९ पासून गुत्तेदारांना परवाना देणारं राज्याचं मंडळ आहे. चार वर्षांचा कामाचा अनुभव, परीक्षा, वर पंचवीस हजार डॉलरची हमी. त्यानं मोरीचं काम काढलं तेव्हा गुत्तेदाराचा क्रमांक मंडळाकडे तपासून घेतला. आणि मला जास्त आवडलेली गोष्ट ही, की घरदुरुस्तीत गुत्तेदारानं आगाऊ घ्यायची रक्कम कामाच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांत जी कमी असेल तेवढीच. आपल्याकडे पहिल्याच दिवशी अर्धे पैसे उचल म्हणून देतो, मग महिनाभर त्याच्या फोनची वाट बघतो.

साशंक : कॅलिफोर्नियातही एक हजार डॉलरच्या आतलं, परवानगी न लागणारं, मदतनीस न ठेवता केलेलं काम परवान्याविना करता येतं. आधी ही मर्यादा पाचशे होती, २०२५ पासून वाढवली. म्हणजे तिथेही एक दार किलकिलं ठेवावंच लागलं. पण लांब कशाला, आपल्याच मोरीत परवान्याचा प्रयोग झालेला आहे, विजेचा. १९५६ चे जुने नियम काढा किंवा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि पुढे २०२३ चे काढा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंगचं काम, वाढवणं असो वा बदलणं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावं, असं ते सांगतात. तारतंत्रीला वेगळा परवाना, पर्यवेक्षकाला वेगळा. म्हणजे नव्या गिझरसाठी नवी तार ओढली तर ती परवान्याची बाब आहे. आता सांगा, गल्लीत गिझर बसवणाऱ्या किती पोरांना कुणी ‘परवाना दाखव’ म्हटलंय? आणि नवी वीजजोडणी घेताना जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर सही करणारा दर वेळी घर बघून सही करतो, असं छातीवर हात ठेवून सांगाल? परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. कायदा आहे, सत्तर वर्षं आहे, आणि तुमची न्हाणी होती तिथेच आहे. सहीचं भाडं तेवढं सुरू झालं.

आग्रही : सही भाड्यानं मिळते हे खरं. पण सही कुणाची, हे तरी कळतं ना? उद्या गिझरचा झटका बसून माणूस गेला तर चौकशीत निदान एक नाव समोर येतं. पाण्याच्या कामात तेही येत नाही. आणि विजेच्या नियमांनी काहीच साधलं नाही हेही खरं नाही. अर्थिंग हा शब्द आज खेड्यातल्या म्हातारीला ठाऊक आहे. तीस मिलिॲम्पिअरची गळती झाली की प्रवाह तोडणारं यंत्र नव्या घरांत दिसायला लागलंय. नियम पाळला जात नसला तरी काय बरोबर हे तो सांगत राहतो. मोरीच्या बाबतीत ‘काय बरोबर’ हेच कुणी मोठ्यानं सांगितलेलं नाही. ढाळ किती असावा, ट्रॅपमध्ये पाणी का टिकलं पाहिजे, भिंतीत पाइपासाठी झिरी किती खोल मारावी, फरशी बसवायच्या आधी पाणी भरून किती वेळ ठेवावं, हे सगळं मिस्त्रीच्या मनावर. गंमत म्हणजे देशभरचे प्लंबर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीचाच. शब्द आम्ही देशाला दिला आणि घरातल्या न्हाणीचा ढाळ मात्र अजून अंदाजपंचे काढतो.

साशंक : मिस्त्रीच्या मनावर म्हणता, तेव्हा मनात अडाणी मिस्त्री असतो. मला तसा सहसा भेटलेला नाही. ओळंबा धरून जी भिंत तो सरळ उभी करतो ती मला पुस्तक वाचून उभी करता येणार नाही. प्रश्न हा आहे, की त्याचं ज्ञान तुमच्या परीक्षेत उतरेल कसं? आपल्याकडे दगडाचं, मातीचं, बांधकामाचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे वडार, बेलदार, पाथरवट. यांतल्या कित्येकांच्या जन्माचा दाखला, शाळेचा दाखला यांचीच मारामार. परवान्याच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा लागेल? पदविका घेतलेल्या, मोटारसायकलवरून फिरणाऱ्या, करणी हातात न धरणाऱ्या मुलाचा. मग तो परवानाधारक आणि पन्नास वर्षांचा मिस्त्री त्याच्या हाताखालचा मजूर. काम तोच करणार, दर मात्र दोघांचा लागणार, आणि तो तुमच्या-माझ्या खिशातून जाणार. राज्य सरकारनं बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ काढलं, तिथे मिस्त्रीची नोंद होते. कशासाठी? वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला द्या आणि भांड्यांचा संच, मुलांची शिष्यवृत्ती घ्या. ते चांगलंच आहे, त्याला मिळायलाच हवं. पण बघा, सरकारच्या लेखी त्यानं किती दिवस काम केलं एवढंच मोजलं जातं. काम कसं केलं हे कुणी विचारत नाही.

आग्रही : तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. सरकारला त्याचे दिवस दिसतात, हात दिसत नाही. पण तो बघण्याची रीत सरकारला येत नाही असंही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण आहे. प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकायचं, शेवटी हाताची परीक्षा आणि प्रमाणपत्र. शाळेच्या दाखल्यावर सगळं अडकवण्याची गरज नाही. असं प्रमाणपत्र असलेला गवंडी आज बाजारात आला तर त्याला एक रुपया जास्त मिळतो का? नाही. कारण मालक विचारत नाही. मी म्हणतो तो परवाना असा असावा : भिंतीसमोर उभं करून घेतलेली परीक्षा.

साशंक : मालक विचारत नाही, कारण त्याच्याजवळ विचारायची दुसरी जागा आहे. ‘यानं कुणाचं काम केलंय?’ एवढा एक प्रश्न. मग तो त्या घरी जातो, चहा घेतो, मोरी बघतो, नळ सोडून बघतो. हीच आपली परीक्षा आणि ती फुकट आहे. ज्यानं एकाची मोरी गळकी केली त्याला त्या आळीत दुसरं काम मिळत नाही.

आग्रही : आळी होती तेव्हा ते चाललं. आता कोण कुठल्या आळीचा? मिस्त्री पावसाळ्यात इथे, दिवाळीनंतर पुण्यात, उन्हाळ्यात सोलापुरात. आणि ओळखीची परीक्षा कधी चुकते ते सांगतो : दोष उशिरा उघडा पडतो तेव्हा. चहा घेता घेता दिसते ती फरशीची रेघ. पाइपाचा सांधा दोन पावसाळ्यांनी बोलतो, सळई दहा वर्षांनी. दुसरं, ओळखीची परीक्षा घेतो तो मालक. पण नुकसान दर वेळी मालकाचं होत नाही. वरच्या फ्लॅटमधली मोरी गळली की छत खालच्याचं भिजतं. सोसायटीच्या उपविधीत आतल्या दुरुस्तीचा खर्च ज्याच्या मोरीतून गळतं त्यानं करायचा असतो. तरी आपल्या चार मजली इमारतींत वरचा म्हणतो बांधणाऱ्याची चूक, बांधणारा म्हणतो तुमच्या मिस्त्रीची, आणि मिस्त्रीचा फोन लागत नाही. आणि याहून खालचा एक माणूस आहे. तुमची न्हाणी सुंदर झाली, कमोड आला, पाणी जास्त वाहायला लागलं, आणि मागची टाकी होती तेवढीच राहिली. ती भरली की कुणाला बोलावता? २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला मैलाटाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. म्हणजे ही माणसं मरताहेत. टाकी कशी बांधली, झाकण कुठे ठेवलं, यंत्राचा पाइप तिथवर पोचतो का, हे ठरलं त्या दिवशी तो माणूस तिथे नव्हता. त्याची ओळख कोण काढणार? तुमच्या चहाच्या परीक्षेत त्याला कप नाही.

साशंक : हा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. माझ्या घराचं बरं-वाईट मी बघेन, पण दुसऱ्याच्या जिवाचा सौदा मी करू शकत नाही, आणि मिस्त्रीही नाही. तेव्हा प्रश्न बदलला. मालकाला फसवणुकीपासून वाचवायचं नसून मालकापासूनच इतरांना वाचवायचं आहे. पण मग तुमचा परवाना आणखीच तोकडा पडतो. कारण परवानाधारकाला पैसे कोण देणार? मालकच. ‘टाकी मोठी करावी लागेल’ असं तो म्हणाला आणि मालक म्हणाला ‘राहू द्या’, तर परवान्याचा कागद बोलणार नाही. या जिल्ह्यात एकदाच असं घडलेलं मला ठाऊक आहे, की काम करणारा, करवून घेणारा आणि पैसे देणारा एकमेकांना धरून होते. भूकंपानंतर. जी गावं सपाट झाली त्यांचं पुनर्वसन झालं, पण ज्या घरांना फक्त तडे गेले होते त्यांच्या दुरुस्ती-मजबुतीचं मोठं काम निघालं. जागतिक बँकेच्या मदतीचा कार्यक्रम होता तो. अनुदान हप्त्याहप्त्यानं. भिंतीत आरपार दगड बसवले का, पट्टा घातला का, ते बघून पुढचा हप्ता. गवंड्यांना काम शिकवलं. आणि गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते उभं केलं. घरात कधी बांधकामाविषयी तोंड न उघडलेल्या बायका गवंड्याला विचारायला लागल्या, दगड कुठाय. परवाना एकालाही दिला नव्हता. गवंडी तोच, दगड तेच. फरक एवढाच की झाकण्याआधी कुणीतरी बघत होतं आणि बघितल्याशिवाय पैसे सुटत नव्हते.

आग्रही : उदाहरण उत्तम आहे, पण त्याची शेवटची ओळ तुम्ही वाचली नाहीत. हप्ता सरकारच्या हातात होता म्हणून बघणाऱ्याच्या शब्दाला वजन होतं. अनुदान संपलं, बघणारे परत गेले. त्यानंतर त्याच गावांत लोकांनी पुनर्वसनाच्या घरांना खोल्या जोडल्या, मागे न्हाण्या काढल्या, वर पत्रे टाकले. त्यात पट्टा घातला का हे कोण बघायला आलं? स्वच्छ भारतच्या शौचालयाचंही तसंच. बारा हजारांचं अनुदान होतं तोवर फोटो काढायला माणूस यायचा. दोन शोषखड्डे, एक भरला की दुसरा वापरायचा, असा साधा आणि शहाणा आराखडा होता. अनुदान मिळाल्यावर कुणी दोन्ही खड्डे एकदमच जोडून घेतले तर विचारणारं कोण? पैसा मालकाचा झाला की बघणं संपतं. म्हणून तर कायदा हवा.

साशंक : कायदे आहेत, पण प्रत्येकानं नेमकी आपली मोरी वगळलेली आहे. गंमत बघा. २०१६ च्या रेरा कायद्यात फ्लॅटचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला वा कामातला दोष निघाला तर बिल्डरनं तीस दिवसांत, पैसे न घेता तो दूर करायचा. पण त्याच फ्लॅटची मोरी तुम्ही मिस्त्रीकडून नवी करून घेतलीत तर त्याला पाच दिवसांचंही बंधन नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम व्याख्येतूनच काढून टाकलं होतं. एक ग्राहक कायदा तेवढा उरतो. २०१९ च्या कायद्यात घरबांधणी ही सेवा आहे, सेवेत कसूर झाली तर दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण तिथे पावती मागतात. आणि आपला हिशेब कशावर? सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. पावती मिस्त्री देत नाही हे खरं, पण मालक मागतो कुठे? मागितली तर भाव वाढेल ही भीती दोघांनाही सारखीच. तेव्हा परवान्याच्या आधी मला पावती हवी. तीन ओळींची : काय केलं, कोणी केलं, कधी केलं.

आग्रही : म्हणजे तुम्हीही सही मागताय. मी ती आधी मागत होतो, तुम्ही नंतर मागताय, एवढाच फरक. आता मी माझा आग्रह कापून कापून छोटा करतो. माणसाला परवाना नको. मालकाला परवानगी नको. फक्त तीन ठिकाणी काम थांबावं : तार भिंतीत बुजवायच्या आधी, स्लॅब वा भार पेलणाऱ्या भिंतीला छिन्नी लावायच्या आधी, आणि टाकीचा खड्डा झाकायच्या आधी. तिथे त्रयस्थानं बघावं आणि सही करावी. फरशी, रंग, नळ, आरसा, यांत कुणी नाक खुपसू नये.

साशंक : कापता कापता बरोबर जागी आलात. परवानगी मागायची असते कामाच्या आधी, तेव्हा कागदावर सगळंच चांगलं असतं. तक्रार करायची असते कामानंतर, तेव्हा सगळं झाकलेलं असतं. आपली मोरी खरी उघडी असते मधले दोनच दिवस, पाइप टाकल्यानंतर आणि फरशी बसण्याआधी. त्या दोन दिवसांवर महाराष्ट्रातला कुठलाच कायदा उभा नाही, हे मला आज कळलं. पण तिथे उभं करणार कुणाला? नगर परिषदेच्या अभियंत्याला रस्ता, गटार, पाणी, अतिक्रमण सोडून तुमच्या मोरीसाठी मंगळवारी सकाळी अकरा वाजता यायला सांगणार? तो येणार पुढच्या गुरुवारी. तोवर मिस्त्री दुसऱ्या कामावर जाईल, म्हणून मालक फरशी बसवून मोकळा होईल. मग गुरुवारी आलेला अभियंता फरशीवर उभा राहून फरशीखालच्या कामाची सही करेल. टेस्ट रिपोर्टसारखीच.

आग्रही : नळदुर्गच्या किल्ल्यात गेला असालच. बोरी नदीवरचा बांध आणि त्या बांधाच्या पोटातला पाणी महाल. १६१३ चं काम, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचं. डोक्यावरून नर-मादीचे धबधबे कोसळतात आणि आत उभ्या माणसाचा अंग-कपडा कोरडा. चारशे वर्षांपूर्वी कुणी परवाना दिला होता, असं तुम्ही म्हणाल.

साशंक : म्हणणारच होतो.

आग्रही : पण बांधणाऱ्याचं नाव आजही सांगतात, मीर महंमद इमादीन. कामावर फारसी शिलालेख आहे. परवाना नसेल, नाव होतं. गळालं असतं तर कुणाला बोलवायचं हे बादशहाला ठाऊक होतं.

साशंक : आणि बोलावल्यावर तो आला असता, कारण बोलावणारा बादशहा होता. तुम्ही-आम्ही बोलावलं तर? नाव असणं आणि त्या नावानं ओ देणं, या दोन गोष्टी आहेत. तुमचा परवाना पहिली देईल, दुसरी देईलच असं नाही. माझी ओळख दुसरी देते, पण आळीपुरतीच, आणि टाकीत उतरणाऱ्याला तीही नाही. असो. उद्या माझ्या मोरीत पाणी भरून ठेवायचंय, परवा सकाळपर्यंत. परवा खालच्या खोलीचं छत बघायला या.

आग्रही : येईन. पण मी बघून काय होणार? मला काम थांबवायचा अधिकार नाही, आणि माझ्या सहीला काडीचं वजन नाही. ज्याच्या सहीला वजन आहे तो परवा मोकळा नाही. मिस्त्रीकडून का नाही घेत लिहून? काम त्याचं, तो तिथेच आहे, त्यालाच सगळ्यात जास्त कळतं.

साशंक : मागितली ना सही. हसला. म्हणाला, ‘मालक, सही कशाला? मी हाय की.’

आग्रही : आहे, हे खरंच आहे. दिवाळीनंतर कुठे असणार, ते विचारलंत?